वाचकांचे प्रश्न : बाबांची वाट, बाबांच्या चालीने

या वेळी आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे एकाच विषयाची असल्यामुळे ती एकत्र घेतली आहेत. युद्धातून वाचलेल्या आपल्या माणसाची कहाणी कशी जपावी आणि ती जपताना त्याला व स्वतःला कसे सांभाळावे, हा तिन्ही पत्रांचा विषय आहे. पहिल्या पत्राला सविस्तर उत्तर दिले आहे, कारण बाकीच्या दोघांनाही त्यातील बराचसा भाग उपयोगी पडेल.

प्रश्न १

स. न. वि. वि.

माझे वडील ९१ वर्षांचे आहेत. रंगूनवर बॉम्ब पडल्यानंतर, १९४२ साली, आजोबा, आजी, आठ वर्षांचे बाबा आणि त्यांची दोन वर्षांची बहीण असे चौघे ब्रह्मदेशातून पायी भारतात यायला निघाले आणि त्यांपैकी दोघेच पोहोचले, एवढे आम्हा भावंडांना लहानपणापासून ठाऊक होते. त्यापलीकडे घरात कोणी काही विचारत नसे. गेल्या वर्षी आई गेली. त्यानंतर बाबा वापरलेल्या पाकिटांच्या मागे आणि वर्तमानपत्राच्या कडेला पेन्सिलीने चित्र काढू लागले. चित्र एकच असते : नदी, तिच्यावर आडवा पडलेला ओंडका आणि पलीकडच्या काठावर गडद काळे केलेले लहानसे वर्तुळ. अशी साठ-सत्तर चित्रे मी जमवून ठेवली आहेत.

दोन महिन्यांपूर्वी मी धीर करून मोबाइलवर त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित केले. ते सलग अडीच तास बोलले. आजीला पटकी झाली आणि तिला वाटेत ठेवून पुढे यावे लागले, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकले. त्यानंतर चार रात्री ते झोपले नाहीत. ‘जुने उकरून तुला काय मिळाले?’ असे म्हणून धाकटा भाऊ माझ्यावर रागावला आहे. शिवाय बाबांच्या सांगण्यात मेळ लागत नाही. रंगून जानेवारीत सोडले असे ते सांगतात आणि सगळ्या वाटेवर धो धो पाऊस होता असेही सांगतात. मी ते बोलणे लिहून काढायला घेतले, पण आजीच्या प्रसंगापाशी आले की हात थांबतो, आणि आता मलाही झोप लागत नाही. मी आयुष्यभर भरतकाम केले आहे. ही वाट कापडावर भरावी असे सारखे मनात येते, आणि जे मी भोगले नाही ते भरण्याचा मला काय अधिकार, असेही वाटते. पुढे काय करावे?

— एक वाचक भगिनी

उत्तर

बाबांना बोलते करण्यात आपली चूक झाली नाही. चूक झाली असेल तर ती अडीच तास चालू देण्यात, आणि तीही अशी आहे की पहिल्यांदा ऐकायला बसलेल्या जवळजवळ प्रत्येक मुलाकडून ती होते. ऐंशी वर्षे बंद असलेले दार उघडले की आता ते पुन्हा बंद होईल या भीतीने आपण उंबरठ्यावरून हलत नाही. पण सांगणाऱ्याला त्या वाटेने आत जावे लागते तसे परतही यावे लागते, आणि परत येण्यासाठी त्याच्याजवळ ताकद उरली पाहिजे. म्हणून पुढच्या खेपेला अर्धा-पाऊण तासाची मर्यादा आधीच ठरवून घ्या आणि सकाळी बसा, म्हणजे रात्र यायच्या आत मधे अख्खा दिवस मिळेल. बोलणे मृत्यूच्या प्रसंगावर तोडू नका. ‘मग तुम्ही पलीकडे कसे पोहोचलात? पहिल्यांदा अंग टाकून झोपलात ते कुठे?’ असे विचारून त्यांना सुखरूप जागी आणून सोडा आणि मगच यंत्र बंद करा. सुरुवातही वाटेपासून करू नका. रंगूनचे घर कोणत्या मजल्यावर होते, जिन्यात उजेड असे का, शेजारी कोणती भाषा बोलत, हे आधी विचारा. त्या वाटेवर बाबांनी आई आणि बहीण गमावली हे खरेच, पण त्याआधी ते एक अख्खे शहर गमावून बसले होते, आणि त्या शहराविषयी त्यांना आजवर कोणी विचारलेले दिसत नाही.

प्रत्येक खेपेला त्यांची परवानगी नव्याने घ्या. हे कोण ऐकणार, लिहिलेले कोण वाचणार, कोणता भाग घराबाहेर जाऊ नये, हे ठरवणे सर्वस्वी त्यांच्याकडे असावे. ते ‘आज नको’ म्हणाले तर तो दिवस तेथेच संपला. भावाचा राग याच ठिकाणी उपयोगी पडू शकतो : त्यालाच बैठकीला बसवा आणि बाबा दमले असे वाटताच थांबवण्याचे काम त्याच्याकडे द्या.

आजीला वाटेत ठेवून यावे लागले, हे बाबा पुन्हा सांगतील. त्या वेळी ‘तुम्ही लहान होता, तुमचा काय दोष’ हे वाक्य आपल्या ओठांवर येईल. ते शक्यतो आवरा. आपल्याला ते सांत्वन वाटते, पण सांगणाऱ्याच्या कानांवर ते ‘आता पुरे’ असे पडते. ‘मी ऐकते आहे’ एवढे म्हणणे आणि गप्प बसणे पुरेसे असते. दोष कोणाचा होता याचा विचार त्यांनी ऐंशी वर्षे केला असणार. त्याचा निकाल एका सकाळी आपण देऊ नये.

झोप न लागण्याविषयी मात्र स्पष्ट सांगितले पाहिजे. जोडीदार गेल्यानंतर, कामातून निवृत्त झाल्यावर किंवा स्मरणशक्ती क्षीण होऊ लागल्यावर लहानपणचे आघात म्हातारपणी पुन्हा वर येतात, हे डॉक्टरांच्या परिचयाचे आहे. चार रात्रींनंतर झोप परत आली असेल तर घाबरण्याचे कारण नाही. पण वाईट स्वप्ने चालूच राहिली, जेवण तुटले, किंवा आपण पुन्हा त्या वाटेवरच आहोत असे ते वागू-बोलू लागले, तर ध्वनिमुद्रण बाजूला ठेवून मानसोपचारतज्ज्ञांची भेट घ्यावी. आपण मुलगी आहात, आणि उपचार करण्याचे ओझे आपण घेऊ नये.

आता त्या चित्रांविषयी, कारण आपल्या पत्रातील मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट ती आहे. १९७४ साली हिरोशिमात ७७ वर्षांचे इवाकिची कोबायाशी एनएचके या जपानी प्रसारण संस्थेच्या कार्यालयात हातात एक चित्र घेऊन गेले. ६ ऑगस्ट १९४५ रोजी योरोझुयो पुलाजवळ त्यांनी जे पाहिले होते, ते एकोणतीस वर्षांनी त्यांनी कागदावर उतरवले होते. त्यानंतर संस्थेने वाचलेल्या इतरांनाही चित्रे पाठवण्याचे आवाहन केले आणि दोन हजारांहून अधिक चित्रे आली. ती काढणारे बहुतेक जण चित्रकार नव्हते. अनेकांनी चित्रातच शब्द लिहिले होते : हे कोण, आपण कुठे उभे होतो, तो माणूस काय म्हणाला. ती चित्रे आज तेथील शांती स्मारक संग्रहालयात आहेत. जे सांगता येत नाही ते काढता का येते, याचे मला पटलेले उत्तर साधे आहे. बोलताना एकामागून एक सांगावे लागते, सुरुवात करावी लागते आणि शेवटाला जावेच लागते. चित्राला शेवट नसतो. नदी काढून थांबता येते, ओंडका काढून थांबता येते, आणि कागद उलटा ठेवून उठून जाता येते. ‘आर्ट थेरपी’ हा शब्द ज्यांनी रूढ केला ते एड्रियन हिल हे ब्रिटिश चित्रकार क्षयरोगाच्या आरोग्यधामात अंथरुणावर पडून चित्रे काढू लागले आणि मग त्यांनी इतर रुग्णांना, युद्धातून जखमी होऊन आलेल्या सैनिकांना, त्याची गोडी लावली. तो शब्द त्यांनी वापरला ते सालही १९४२ होते.

म्हणून त्या काळ्या वर्तुळाचा अर्थ कृपा करून विचारू नका. आपण मनात तो कदाचित ठरवूनही टाकला असेल, आणि तो बरोबरही असेल. तरीही विचारू नका. ‘तुम्ही या काठावर उभे होता की ओंडक्यावर?’ किंवा ‘नदीला आवाज होता का?’ एवढेच विचारावे, म्हणजे उत्तर द्यायचे की नाही हे त्यांच्या हाती राहते. चित्राची स्तुती करू नका, घरी आलेल्यांना ते दाखवू नका. त्यांच्याजवळ चांगला जाड, आम्लविरहित कागद आणि मऊ पेन्सिली सहज हाताला लागतील अशा ठेवा, पण जुनी पाकिटे उचलून नेऊ नका. त्यांना पाकिटेच बरी वाटत असतील. जमवलेल्या प्रत्येक चित्राच्या मागे हलक्या पेन्सिलीने तारीख आणि त्या दिवशी ते काही बोलले असतील तर त्यांचेच शब्द लिहा. साठ चित्रे एकसारखी आहेत असे आपल्याला वाटते. तारखांनिशी ओळीने मांडून पाहिलीत तर ओंडक्याची जाडी, काठाचे अंतर, वर्तुळाची जागा यांत बदल दिसण्याची शक्यता आहे.

जानेवारी आणि पाऊस यांचा मेळ लागत नाही असे आपण म्हणता. रंगूनवर पहिला हवाई हल्ला २३ डिसेंबर १९४१ रोजी झाला आणि ८ मार्च १९४२ रोजी जपानी सैन्य शहरात शिरले. त्या काळात शहराच्या लोकसंख्येत निम्म्याच्या आसपास, काही गणनांप्रमाणे निम्म्याहून अधिक, भारतीय होते. जे निघाले त्यांतील काही प्रोमहून तौंगुपची डोंगरवाट धरून अक्याब आणि तेथून चितगावकडे गेले. काही मंडालेकडे वर सरकले आणि कालेवा, तामू, पालेल या मार्गाने इम्फाळला व पुढे दिमापूरच्या रेल्वेपर्यंत पोहोचले. सर्वांत उशिरा निघालेल्यांना उत्तरेकडील हुकाँग खोऱ्यातून पांगसाऊ खिंड ओलांडून लेडो गाठावे लागले. एकूण चार-पाच लाख माणसे अशी चालत आली आणि हजारो वाटेतच राहिली. पटकी, हिवताप, आमांश आणि भूक ही त्याची कारणे. महत्त्वाचे हे की रंगून सोडणे आणि भारतात पोहोचणे यांत अनेकांचे महिने गेले. माणसे मंडालेच्या छावण्यांत अडकून पडली होती. ते शहर ३ एप्रिलच्या बॉम्बहल्ल्यात जळाले, आणि मे महिन्यात डोंगरांत पाऊस सुरू झाला तेव्हाही हजारो लोक वाटेवर होते. त्यामुळे जानेवारीत निघालेल्या मुलाच्या आठवणीत पाऊस असणे मुळीच अशक्य नाही. मोठे शहर जळताना पाहिले का, एवढे कधी सहज विचारता आले तर त्यांची वाट कोणती, हे ठरवायला मदत होईल.

तरीही काही गोष्टी जुळणार नाहीत. तेव्हा बाबांचे वाक्य दुरुस्त करू नका. त्यांचे कथन जसेच्या तसे एका वहीत आणि आपण शोधलेल्या तारखा, नकाशे, कागदपत्रे दुसऱ्या वहीत, असे ठेवा. भारतीय राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर त्या काळातील सरकारी कागदपत्रे शोधता येतात, आणि लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिसच्या दप्तरात ब्रह्मदेशाच्या कारभाराची कागदपत्रे आहेत. आजोबांचे नाव एखाद्या कागदात सापडले तर ते बाबांना दाखवावे की नाही, याचा आधी भावाशी विचार करा.

जपणुकीचे तंत्र थोडक्यात सांगतो. मोबाइल विमान-स्थितीत ठेवावा, पंखा बंद करावा आणि यंत्र त्यांच्यापासून हातभर अंतरावर असावे. सुरुवातीला तारीख, जागा आणि उपस्थितांची नावे आपल्या आवाजात नोंदवावीत. शक्य असेल तर ध्वनिमुद्रण डब्ल्यूएव्ही (आवाज न आटवता जसाच्या तसा साठवणारे फाइलचे स्वरूप) या स्वरूपात करावे, मूळ फाइलला कधी हात लावू नये, आणि तिच्या तीन प्रती दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर ठेवून त्यांतील एक दुसऱ्या घरी ठेवावी. चित्रे आणि फोटो ६०० डीपीआयवर (दर इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करावेत. चिकटपट्टी आणि लॅमिनेशन टाळावे, कारण त्यामुळे झालेले नुकसान भरून येत नाही. लिहून काढताना बाबांच्या तोंडी आलेले हिंदुस्थानी किंवा ब्रह्मी शब्द तसेच ठेवा, आणि ते गप्प झाले तेथे ‘येथे बराच वेळ थांबले’ असे लिहा.

राहिला आपला प्रश्न. आजीच्या प्रसंगापाशी आपला हात थांबतो तो थांबू द्या. तो भाग भावाने किंवा बाहेरच्या कोणी लिहून काढला तरी चालेल. आपल्या झोपेसाठी एक उपाय करून पाहण्यासारखा आहे. जेम्स पेनेबेकर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटे, मनावरच्या आघाताविषयी लिहायला सांगितले होते. लिहिल्याबरोबर त्यांना अधिक वाईट वाटले, पण पुढील काही महिन्यांत, प्रसंग आणि भावना दोन्ही लिहिणाऱ्यांच्या आरोग्यकेंद्रातील फेऱ्या इतरांपेक्षा कमी झाल्या. हे बाबांवर करून पाहू नका. आपण स्वतः करा, आणि लिहिलेले कोणाला दाखवू नका. फार जड वाटले तर थांबा.

आणि भरतकाम जरूर सुरू करा. पोलंडमधील एस्थर निसेंथल क्रिनित्झ पंधरा वर्षांच्या असताना, ऑक्टोबर १९४२ मध्ये, त्यांच्या गावातील ज्यूंना रेल्वेस्थानकावर जमण्याचा हुकूम निघाला. त्या गेल्या नाहीत. धाकट्या बहिणीला घेऊन, आपण कॅथलिक शेतमजूर मुली आहोत असे भासवून त्या जगल्या. बाकीचे कुटुंब त्यांना पुन्हा दिसले नाही. वयाच्या पन्नाशीत, १९७७ मध्ये, आपले घर कसे होते हे मुलींना दिसावे म्हणून त्यांनी सुईदोरा हाती घेतला. शिवणकाम त्या शिकल्या होत्या, चित्रकला कधी शिकल्या नव्हत्या. कापडाचे तुकडे आणि भरतकाम यांतून अखेरीस ३६ चित्रे झाली आणि त्यांवर त्यांनी शब्दही भरले. सुरुवात मात्र त्यांनी घरापासून केली, युद्धाचे प्रसंग नंतर आले.

त्यांनी स्वतः भोगलेले भरले आणि आपण ऐकलेले भरणार आहात, हा फरक आहे, आणि तो कापडावरच मान्य करता येतो. आपण रंगूनच्या जिन्यापासून सुरुवात करा. नदी भरायची वेळ आली की बाबांना विचारा. ते ‘नको’ म्हणाले तर तेवढे कापड कोरे ठेवा.

प्रश्न २

माझे वडील मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या दुसऱ्या पलटणीत होते. जून १९४२ मध्ये उत्तर आफ्रिकेतील टोब्रुक हे ठाणे शत्रूच्या हाती पडले तेव्हा ते कैद झाले आणि त्यांना इटलीत नेण्यात आले. तेथून सुटून त्यांनी एका डोंगरी खेड्यात कोणाच्या तरी घरी हिवाळा काढला, एवढेच आईकडून कळले. ते पंचवीस वर्षांपूर्वी वारले. त्यांच्या पत्र्याच्या पेटीत एक अनोळखी बाई आणि दोन मुले यांचा फोटो आहे, त्यावर काही लिहिलेले नाही. आम्ही चालायला किंवा सायकल शिकत होतो तेव्हा ते ‘पियानो, पियानो’ म्हणत. तो त्यांचा लाडाचा निरर्थक शब्द असावा असे आम्हाला वाटे. मला त्यांची कहाणी लिहायची आहे. मधल्या जागा कल्पनेने भरल्या तर चालेल का?

— एक निवृत्त शिक्षक

उत्तर

‘पियानो, पियानो’ म्हणजे इटालियन भाषेत ‘हळू, हळू’. लहान मूल पाऊल टाकू लागले की तेथील माणसे असे म्हणतात. आपल्या वडिलांनी तो शब्द कोठे ऐकला असेल, याचा त्या फोटोतील मुलांशी संबंध असू शकतो. पण असू शकतो, एवढेच म्हणावे.

टोब्रुक २१ जून १९४२ रोजी पडले, आणि तेथे शरण जावे लागलेल्या अकराव्या भारतीय ब्रिगेडमध्ये ही पलटण होती. ८ सप्टेंबर १९४३ रोजी इटलीचा युद्धविराम जाहीर झाला तेव्हा अनेक छावण्यांतील कैदी बाहेर पडले. पुष्कळांना जर्मनांनी पुन्हा पकडले, आणि अनेकांना गरीब शेतकरी कुटुंबांनी जिवावर उदार होऊन लपवले. युद्धकैद्यांच्या नोंदी जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समितीच्या अभिलेखागारात आहेत. आसरा देणाऱ्या इटालियन कुटुंबांची दखल घेण्यासाठी मित्रराष्ट्रांनी नेमलेल्या आयोगाची कागदपत्रे अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. तेथे विचारणा करावी. उत्तराला वेळ लागेल.

कल्पनेने जागा भरू नये असे माझे मत आहे. कादंबरी लिहायची असेल तर ती कादंबरी म्हणून वेगळ्या मुखपृष्ठाखाली लिहावी, कारण एकदा दोन्ही मिसळले की आपल्या नातवंडांना ते वेगळे करता येणार नाही. पण जागा मोकळ्या ठेवल्या तर लिहायला काही उरणार नाही, ही भीती खरी नाही. इटलीतील त्या हिवाळ्याचे आपण साक्षीदार नाही, पण वडिलांच्या गप्प बसण्याचे आपण साक्षीदार आहात. ते कशाने दचकत, दाराकडे तोंड करून बसत की पाठ करून, ती पेटी कधी उघडत, आणि कोणत्या प्रसंगी ‘पियानो, पियानो’ म्हणत, हे आपण स्वतः पाहिले आणि ऐकले आहे. तेथून लिहायला लागा.

प्रश्न ३

मी सोळा वर्षांची आहे. माझे आजोबा १९७१ च्या युद्धात जखमी होऊन रात्रभर एका खंदकात पडून होते. ते मला ती रात्र सांगतात आणि मी चित्र काढते, पण प्रत्येक चित्र पाहून ते ‘असे नव्हते’ म्हणतात. सात चित्रे झाली. मी प्रयत्न सोडून देऊ का?

— एक विद्यार्थिनी

उत्तर

मुळीच सोडू नकोस. हिरोशिमातील मोतोमाची हायस्कूलचे विद्यार्थी २००७ पासून अगदी हेच करत आले आहेत. अणुबॉम्बमधून वाचलेली एक व्यक्ती आणि एक विद्यार्थी कित्येक महिने वारंवार भेटतात, विद्यार्थी चित्र दाखवतो, समोरची व्यक्ती चूक सांगते, आणि विद्यार्थी ते पुन्हा रंगवतो. तुझ्या आजोबांना ती रात्र बोलून सांगताना जे आठवत नाही, ते तुझे चुकलेले चित्र पाहून आठवते आहे. चंद्र होता की नव्हता, खंदकाची भिंत कोणत्या बाजूला ढासळली होती, हे ते तुझ्या चित्राकडे बोट दाखवूनच सांगू शकतात. म्हणून ‘असे नव्हते’ म्हणाले की ‘मग कसे होते?’ असे विचार, आणि ते दमलेले दिसले तर दुसऱ्या दिवशी विचार. ती सात चित्रे फाडू नकोस. प्रत्येकाच्या मागे पेन्सिलीने तारीख लिही आणि त्यात काय चुकले असे आजोबा म्हणाले, ते त्यांच्याच शब्दांत लिहून ठेव. आठव्या चित्राला बसशील तेव्हा ती पाने समोर असू देत.